कांद्याचे सेट: निवड, साठवण आणि आपला पावसाळा

वायंगणी (डिचोली) | 28 एप्रिल

नमस्कार मंडळी,

दर ऑक्टोबरला "कांद्याचं रोप कुठे मिळेल?" असा धागा निघतो, आणि तोपर्यंत वेळ गेलेली असते. या खेपेस एप्रिलमध्येच काढतोय. विषय रोपाचा नाही, सेटचा. बी दाट पेरायचं, कंद गोटीएवढे झाले की वाढू न देता काढायचे, सुकवून जपून ठेवायचे आणि पुढच्या हंगामात तेच लावायचे. रोपवाटिकेची भानगड नाही आणि पीक महिनाभर तरी आधी हाती येतं.

घाटावर हे खरिपासाठी करतात. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाने त्याचा बराच प्रसार केलाय. जानेवारी-फेब्रुवारीत पेरणी, एप्रिल-मेमध्ये काढणी, जुलै-ऑगस्टमध्ये लावणी. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटर पावसात जुलैची लावणी म्हणजे कंद कुजवायचा कार्यक्रम. आपल्याला सरदाचं (पावसाळी) भात कापून मळा मोकळा झाला की लावायचं, म्हणजे ऑक्टोबर. घाटावर सेटना तीनेक महिने काढायचे असतात, इथे पाच. तेही अख्खा पावसाळा अंगावर घेऊन. खरी कसोटी इथेच लागते.

आधी निवड. आपला हात साहजिकच मोठ्या कंदाकडे जातो. तो आवरा. दीड ते दोन सेंटिमीटर व्यासाचा कंद सगळ्यात उत्तम. नव्या एक रुपयाच्या नाण्याचा व्यास बरोबर 20 मिलिमीटर आहे. नाण्याएवढा किंवा जरा लहान कंद लावणीसाठी ठेवायचा. अडीच सेंटिमीटरच्या पुढचे बाजूला काढून स्वयंपाकघरात द्या. त्यांच्यात अन्नसाठा भरपूर असतो, म्हणून लावल्यावर ते डेंगळ्यावर जातात (फुलाचा दांडा काढतात), नाहीतर दुभंगून जोड कांदा देतात. वाटाण्याएवढे असतात ते पावसाळाभर टिकतच नाहीत, सुकून टरफल उरतं. ते आत्ताच वाफ्याच्या कडेला खोचा, पात खायला मिळेल.

आकारानंतर मान. बोटांत धरून चिमटा घ्या. मान कागदासारखी सुकलेली आणि बारीक हवी. चिमटीत मऊ, ओलसर लागली तर तो कंद साठवायचा नाही, बुरशी आत शिरते ती तिथूनच. मग बूड बघा. कोरडं आणि टणक हवं, पांढरी मुळं डोकावत असतील तर तो कंद जागा झालाय. रंगाबद्दल फार चिकित्सा करू नका, पण साल शाबूत हवी.

साठवणीबद्दल माझं मत एका वाक्यात सांगतो: उन्हाळ्याला घाबरू नका, दमट हवेला घाबरा. बाकी चर्चेत येईलच. तुम्ही काय करता ते लिहा.

---

निफाडचा_बाळू | 28 एप्रिल

दादा, छान धागा. आमच्याकडची थोडी भर घालतो.

सेट करताना खरा घोळ काढणीच्या वेळी होतो. माना पडायला लागल्या की पाणी तोडायचं. लोक पाणी देत राहतात, कंद फुगतात आणि निम्मा माल गोल्टीच्या (बाजारातल्या बारक्या कांद्याच्या) आकाराला जातो. नत्रही बेताचंच द्यायचं. युरिया मारून पोसलेला सेट दिसतो तजेलदार, पण टिकत नाही.

उपटल्यावर पात कापायची नाही. वाफ्यातच ओळीने असे पसरायचे की एकाची पात दुसऱ्याच्या कंदावर येईल. म्हणजे कंदाला ऊन थेट लागत नाही आणि पातीतला रस हळूहळू कंदात उतरतो. तीन-चार दिवसांनी सावलीत आणायचे आणि मान पूर्ण मिटेपर्यंत आठ-दहा दिवस ठेवायचे. मान ओली असताना पात कापणं म्हणजे बाटलीचं बूच काढून ठेवणं.

वाणाचं म्हणाल तर आमच्याकडे सेटसाठी खरिपाचेच वाण घेतात. भीमा सुपर, भीमा डार्क रेड, अ‍ॅग्रिफाउंड डार्क रेड, जुना एन-53. तुमचं ऑक्टोबरचं गणित बघता भीमा सुपर किंवा भीमा शक्ती बघा, दोन्ही रांगड्या (उशिराच्या खरीप) हंगामाला चालतात.

---

बागवेडी_पर्वरी | 29 एप्रिल

गच्चीवर बाग करते, शेती नाही, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटले तर सांभाळून घ्या.

1. माझ्याकडे किलोभरच सेट आहेत. फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवले तर पावसाळ्याची कटकटच नाही ना?
2. भाऊ इंग्लंडहून येताना तिथल्या दुकानातून सेटचं पाकीट आणतोय. पाकिटावरचे कांदे इतके देखणे आहेत! ते इथे लावले तर?
3. म्हापशाच्या बाजारात बारके कांदे स्वस्त मिळतात. तेच लावले तर काय बिघडलं?

---

वायंगणी (डिचोली) | 29 एप्रिल

ताई, तिन्ही प्रश्न मुळीच बाळबोध नाहीत.

फ्रीज नको. कांदा हे दोन वर्षांचं चक्र असलेलं पीक. पहिल्या वर्षी कंद, मग थंडी, मग फूल आणि बी. कंद काही आठवडे पाच-दहा अंशांत राहिला की त्याच्या लेखी हिवाळा होऊन गेला. लावलात की तो कांदा पोसायच्या ऐवजी सरळ डेंगळा काढतो. आकाराने मोठे सेट तर हमखास. शीतगृहात शून्य अंशाजवळ, कोरड्या हवेत कांदा ठेवतात ती गोष्ट वेगळी, आपला घरचा फ्रीज तेवढा थंडही नसतो आणि तेवढा कोरडाही. शिवाय दहा ते वीस अंश ही मोड यायला सगळ्यात पोषक पट्टी. पंचवीस ते तीसमध्ये कंद उलट झोपून राहतो, आणि आपल्या घरात पावसाळ्यात तेवढंच तापमान असतं, फुकट.

फ्रीजच्या *वर* मात्र जरूर ठेवा, विशेषतः मागची जाळी गरम होणारा जुना फ्रीज असेल तर. किलोभर सेटना जाळीची पिशवी आणि ती ऊबदार जागा पुरते.

बाजारातल्या बारक्या कांद्याचं उत्तर बाळू देईल, तो रोज गोल्टी बघतो.

---

शेतकीतला_निवृत्त (फोंडा) | 29 एप्रिल

इंग्लंडच्या पाकिटाबद्दल मी लिहितो. कांदा पोसायला लागतो तो दिवसाच्या लांबीवर. आपल्याकडचे वाण लहान दिवसाचे, अकरा-बारा तास उजेड मिळाला की पोसतात. युरोपातल्या वाणांना चौदा ते सोळा तास लागतात. गोव्यात 21 जूनचा सगळ्यात मोठा दिवससुद्धा सुमारे 13 तासांचा, आणि डिसेंबरात तर सव्वाअकरा तास. म्हणजे तो देखणा कांदा इथे जन्मभर पातच देत राहील. जातीत खोट नाही आणि तुमच्या हातातही नाही, आपण विषुववृत्ताच्या जवळ राहतो एवढंच.

शिवाय लावण्यायोग्य कंद परदेशातून असे बॅगेत आणायला संगरोधाचे (क्वारंटाइनचे) नियम आड येतात. रोग-कीड सोबत येते म्हणूनच ते नियम आहेत. तेव्हा भावाला सांगा, चॉकलेट आण.

ऑनलाइन "सर्व हवामानांसाठी" म्हणून विकले जाणारे सेटही याच कसोटीवर तपासा. वाणाचं नाव लिहिलेलं नसेल तर घेऊ नका.

---

निफाडचा_बाळू | 29 एप्रिल

ताई, बाजारातला बारका कांदा म्हणजे गोल्टी नाहीतर चिंगळी. पूर्ण वाढीच्या पिकातला मागे राहिलेला माल. कुठला वाण, कुठल्या हंगामाचा, काही पत्ता नसतो. चार वावरांचा माल एका गोणीत आलेला असतो. लावला तर उगवतो झकास, पण मग एकाचे चार फुटवे, नाहीतर डेंगळा. पातीसाठी लावा, कांद्यासाठी नको.

आणि सांबारात घालतात ते लहान लालसर कांदे अजून वेगळे. ते एकाचा घोस देणारेच असतात, त्यांचा मोठा कांदा होत नाही.

---

पेडण्याचो_भुरगो | 30 एप्रिल

सगळं वाचलं. एक सरळ प्रश्न, राग नसावा. एवढा खटाटोप कशाला? आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या बी टाकतात, रोप करतात, नोव्हेंबर-डिसेंबरात लावतात, मार्च-एप्रिलमध्ये काढतात, माळा बांधतात आणि मे महिन्यात पुरुमेंताच्या (पावसाळ्याच्या बेगमीच्या) बाजारात विकतात. गोव्याचा माळेचा कांदा त्या पद्धतीनेच टिकतो. सेटचा कांदा टिकत नाही असं ऐकून आहे. मग पाच महिने कंद सांभाळायचे ते न टिकणाऱ्या कांद्यासाठी?

आणि घाटावरचे लोक भाव मिळतो म्हणून करतात, त्यांचा माल दिवाळीला येतो. आपला जानेवारीत येणार, तेव्हा बेळगावचा आणि महाराष्ट्राचा नवा कांदा बाजारात ओतलेला असतो. भाव कसला डोंबलाचा?

---

वायंगणी (डिचोली) | 30 एप्रिल

राग कसला, हा धाग्यातला सगळ्यात चांगला प्रतिसाद आहे. भावाबद्दल तू म्हणतोस ते शंभर टक्के खरं. भावासाठी गोव्यात सेट करू नयेत. माळेसाठीही करू नयेत, सेटच्या पिकात जोड कांदे जास्त निघतात आणि ते माळेत बांधले तर आधी तेच कुजतात. माळेच्या कांद्याला रोपच हवं.

मग मी का करतो? पाण्यासाठी. आमच्या मळ्याला ओहोळाचं पाणी. फेब्रुवारी सरला की ते बोटभर होतं आणि मार्चमध्ये दगड दिसतात. डिसेंबरात लावलेल्या रोपाला पाण्याची खरी गरज असते ती कंद पोसताना, नेमकी तेव्हाच ओहोळ आटतो. ऑक्टोबरात लावलेला सेट जानेवारीत निघतो, पाणी धो-धो असताना. मग त्याच ओलीवर अळसांदे (चवळी) टाकतो.

दुसरं, रोपवाटिका. नोव्हेंबरात लावायचं रोप म्हणजे सप्टेंबरात बी टाकणं. सप्टेंबरातल्या सरींत गादीवाफ्यावर मर रोग येतो, रोपं बुडातून बारीक होऊन आडवी पडतात. वर प्लॅस्टिक घालावं तर आत घामेजतं. ज्यांच्याकडे चांगलं छप्पर आहे त्यांनी रोपच करावं. कांद्याचं बी वर्षभरात उगवणशक्ती घालवतं आणि दर वर्षी महाग होतं, तेव्हा वाया गेलेलं बी खिशाला लागतं.

विहिरीला बारमाही पाणी असेल तर तुझीच पद्धत बरी. पेडण्याला तसं असेल तर मी वाद घालणार नाही.

---

पेडण्याचो_भुरगो | 30 एप्रिल

पाण्याचं पटलं. आमची विहीर मेपर्यंत देते, म्हणून मला ते सुचलं नाही. चालू द्या.

---

कुळागरवाली (फोंडा) | 2 मे

साठवणीबद्दल कुणीच तपशिलात लिहीत नाही म्हणून मी लिहिते. आमच्या सासूबाई लावणीचे कंद पातीसकट ठेवायच्या. मूठभर कंदांची जुडी, सुकी पात वेणीसारखी पिळून केळीच्या सोपाने बांधायची आणि चुलीच्या वर टांगलेल्या बांबूला अडकवायची. खाली दिवसातून दोनदा सोडणं (नारळाची सुकी सालं) जळायची. कंदांवर काजळी धरायची, आत मात्र खणखणीत. चवथीला (गणेश चतुर्थीला) घर सारवून झालं की त्या जुड्या उतरवून, चोळून, निवडून ठेवायच्या.

आता चूल मागच्या पडवीत गेली आणि तीही पाणी तापवण्यापुरती. गॅसच्या शेगडीवर हे जमत नाही, स्वयंपाकाची वाफच वर जाते, उलटा परिणाम. ज्यांच्याकडे चूल नाही त्यांनी काय करायचं?

---

शेतकीतला_निवृत्त (फोंडा) | 3 मे

वहिनी, सासूबाईंच्या पद्धतीत शास्त्र आहे. धुराचा थोडा उपयोग होतो, पण मुख्य काम उबेचं. कांद्याला साधारण 65 ते 70 टक्के आर्द्रता मानवते. जुलैत आपल्या घरात ती 90 टक्क्यांच्या आसपास असते. हवा तापली की तिची पाणी धरायची ताकद वाढते. 27 अंशांची 90 टक्के दमट हवा नुसती 30 अंशांवर नेली तर तीच हवा 75-76 टक्क्यांवर येते. पाण्याचा थेंबही न काढता! चुलीवरचा बांबू हेच करत होता.

तेव्हा चूल नसेल तर तीन अंश ऊब कुठून मिळेल ते शोधा. फ्रीजची मागची बाजू, इन्व्हर्टरच्या वरची फळी (बॅटरीला अगदी चिकटून नको), कौलारू घराचा माळा, पण कौलं गळत नसतील तरच. मोठा साठा असेल तर खोलीत एक लहान पंखा. वारा सतत खेळता हवा, जोराचा नको.

जमिनीवर कधीही ठेवू नका. शेणाने सारवलेली असो वा लाद्या, पावसाळ्यात दोन्ही घाम सोडतात. भिंतीपासूनही वीतभर लांब.

---

रापणकर (काणकोण) | 3 मे

आंब्याच्या रिकाम्या लाकडी पेट्या! मे महिन्यात प्रत्येकाच्या घरी पडलेल्या असतात. फटी आयत्याच असतात. दोन-तीन बोटं जाडीचा थर, वर दुसरी पेटी, मध्ये विटेचा तुकडा. भाजीच्या प्लॅस्टिक क्रेटपेक्षा बऱ्या, लाकूड थोडी ओल पितं.

गवत मात्र आधी झटकून काढा. पेटीतलं गवत पहिल्याच पावसात मऊ पडतं आणि बुरशी तिथूनच सुरू होते.

---

बागवेडी_पर्वरी | 3 मे

राखेत पुरून ठेवले तर? आई आलं राखेत ठेवायची.

---

शेतकीतला_निवृत्त (फोंडा) | 3 मे

राख ओल ओढते आणि ओढलेली ओल धरून ठेवते. जूनमध्ये कोरडी, जुलैत तिचा गोळा होतो आणि कंद त्या ओल्या गोळ्यात बसतो. आलं-हळदीला थोडी ओल हवीच असते, म्हणून त्यांना चालतं. कांद्याला नाही. कोरडी रेती, भाताचा कोंडा, सगळ्यांना हेच लागू. कांद्याभोवती हवेशिवाय काहीही नको.

---

अनामिक_आंगण | 5 मे

वाचनखूण साठवली आहे. सेट घ्यायचे किती? आंगणात साधारण वीस चौरस मीटरचा वाफा निघेल.

---

वायंगणी (डिचोली) | 5 मे

दोन ओळींत 15 सेंटिमीटर, दोन कंदांत 10. म्हणजे चौरस मीटरला 66 कंद, वीस चौरस मीटरला तेराशेच्या आसपास. दीड सेंटिमीटरचा कंद दोनेक ग्रॅम भरतो, दोन सेंटिमीटरचा चार ग्रॅम. आकारानुसार अडीच ते साडेपाच किलो लागतील. वजनावर विकणाऱ्याकडून मोठे सेट घेतले की नग कमी येतात, हेही लक्षात ठेवा! पावसाळ्यातली नासधूस धरून तिसरा हिस्सा जास्तच घ्या.

आंगणाला सहा-सात तास ऊन हवं. माडाच्या सावलीत कांदा पोसत नाही. कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) तर विचारही नको, कुळागरवाली वहिनींनी माफ करावं.

---

कुळागरवाली (फोंडा) | 5 मे

माफ केलं. आमचा वाफा रस्त्याच्या पलीकडे आहे, भर उन्हात.

---

रापणकर (काणकोण) | 19 जुलै

धागा वर काढतोय. गेले आठ दिवस सूर्य नाही. पेट्यांतले वरचे कंद छान आहेत, खालच्या थरातल्या काहींच्या सालीवर काळी पूड दिसतेय. हाताला लागते, काजळ लागावं तशी. फेकायचे की ठेवायचे?

---

निफाडचा_बाळू | 19 जुलै

ती काळी बुरशी. आम्ही काजळीच म्हणतो. वरचं साल काढून आत बघा. पूड फक्त बाहेरच्या कोरड्या सालीवर असेल आणि आतला कांदा टणक, चकचकीत असेल तर ते साल काढून वेगळा ठेवा, लावणीला चालेल. आतल्या मांसल पापुद्र्यांच्या मध्ये काळं उतरलं असेल किंवा मानेजवळ दाबल्यावर बोट आत जात असेल तर फेका. खतात पण टाकू नका, कांद्याच्या वाफ्यापासून लांब पुरा.

आणि वास घ्या. पेटीजवळ आंबूस वास आला की कुठेतरी एक तरी सडका आहे. तो सापडेपर्यंत पेटी उपसा. आमच्या कांदाचाळीत आम्ही नाकानेच शोधतो.

---

शेतकीतला_निवृत्त (फोंडा) | 19 जुलै

काळी पूड निवडताना नाकाला फडकं बांधा, दमेकऱ्यांनी तर हे काम दुसऱ्याला द्यावं. आणि निवडणं घराबाहेर पडवीत, साठवणीच्या खोलीत नको, पूड उडून बाकीच्यांवर बसते.

ओल्या हातांनी कंद हाताळू नका. कंद पुसायला ओलं फडकं तर मुळीच नको.

---

बागवेडी_पर्वरी | 11 ऑगस्ट

फ्रीजवरची पिशवी: बहुतेक ठणठणीत! पण काहींच्या शेंड्यातून हिरवं टोक आलंय. हे संपले का?

---

वायंगणी (डिचोली) | 11 ऑगस्ट

संपले नाहीत, पण रांगेत पुढे आले. मोड न आलेल्यांतला एखादा कंद बळी द्या. उभा चिरा, शेंड्यापासून बुडापर्यंत. मधोमध पिवळट-हिरवा कोंब दिसेल. कंदाच्या निम्म्या उंचीपर्यंतच असेल तर अजून महिनाभर निश्चिंत राहा. शेंड्याला टेकला असेल तर बाकीचेही पंधरवड्यात डोकं काढणार.

हिरवं टोक आलेले कुंडीत लावून टाका, पाऊस लागणार नाही अशा जागी. पात चवथीच्या आत खायला मिळेल. अर्थात चवथीच्या नैवेद्यात कांदा चालणार नाही, हे तुम्हांला सांगायला नको!

---

अनामिक_आंगण | 26 सप्टेंबर

पाऊस ओसरतोय. लावणी कधी? कंद नुसते मातीत दाबायचे का?

---

वायंगणी (डिचोली) | 26 सप्टेंबर

पाऊस ओसरला असं वाटल्यावर अजून थोडं थांबा, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात दुपारनंतरच्या गडगडाटी सरी येतातच. गादीवाफा वीतभर उंच असेल तर दहा तारखेनंतर हरकत नाही. सपाट मळ्यात वीस तारखेनंतर.

दाबायचे नाहीत. आपली जांभी माती वरून मऊ वाटते, खाली कडक असते. दाबलं की बूड खरचटतं, आणि मुळं फुटताना त्या कडक थरावर टेकून कंदालाच वर उचलतात. दुसऱ्या दिवशी वाटतं कुणीतरी उपटून ठेवलेत. बोटाने किंवा काठीने भोक करा, कंद ठेवा, शेंडा मातीच्या जेमतेम वर राहील इतपत माती ओढा. सुकी पात अजून चिकटलेली असेल तर कात्रीने कापा. लोंबत राहिली की पाखरं तीच चोचीत धरून अख्खा कंद ओढून काढतात.

लावायच्या आदल्या दिवशी परत एकदा आकारानुसार वेगळे करा आणि एका ओळीत एकाच आकाराचे लावा, म्हणजे काढणी एकदम येते. मी ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) लावतो, पाकिटावरच्या प्रमाणात. शेणखत पूर्ण कुजलेलंच, अर्धकच्चं घातलंत तर बुडाशी सड येते.

---

रापणकर (काणकोण) | 27 सप्टेंबर

पाखरं सोडा, मोरांचं काय? आमच्याकडे सकाळी सात-आठ येतात, वाफा उकरून पांगवून जातात. कांदा खात नाहीत, नुसतं विसकटतात.

---

पेडण्याचो_भुरगो | 27 सप्टेंबर

मासेमारीची जुनी जाळी. चारी बाजूंना खुंट्या मारून गुडघाभर उंचीवर आडवी ताणा. वरून उतरायला जागा मिळाली नाही की येत नाहीत. दोन पानं फुटून मुळं धरली की काढा, नाहीतर खुरपणी करताना तुम्हीच अडकाल. तुमच्या नावावरून वाटतं जाळीची वानवा नसावी!

---

खाजन_किनारा (तिसवाडी) | 28 सप्टेंबर

आमची खाजनाची (खाडीकाठची, बांध घातलेली) जमीन आहे, भातानंतर रिकामीच असते. तिथे सेट जमतील?

---

शेतकीतला_निवृत्त (फोंडा) | 28 सप्टेंबर

नाही. कांद्याला खारेपणा अजिबात सोसत नाही. पावसाने धुतलेलं मीठ ऑक्टोबरनंतर पुन्हा वर चढतं, नेमकं कांदा पोसताना. बांधाच्या आतल्या उंच भाटात गोडं पाणी असेल तर आधी मातीची तपासणी करून घ्या. जुन्या गोव्याला एला येथे केंद्रीय तटीय कृषी संशोधन संस्था आहे, नाहीतर तुमच्या विभागीय कृषी कार्यालयात नमुना द्या. सामू (pH) साडेपाचच्या खाली निघाला तर चुना किती घालायचा तेही विचारा.

---

बागवेडी_पर्वरी | 14 डिसेंबर

कांदे धरलेत! पण कुंड्यांतल्या दोन-तीन झाडांना मधोमध जाड पोकळ दांडा आलाय, टोकाला कळी. फ्रीजमध्ये ठेवले नव्हते, शपथ!

---

निफाडचा_बाळू | 14 डिसेंबर

ते नक्की नाण्यापेक्षा मोठे असणार. दांडा बुडाजवळ मोडून भाजीत घाला, छान लागतो. तो कांदा आता मोठा होणार नाही आणि मधला दांडा कडक असल्याने टिकणारही नाही. बाकीच्यांच्या आधी काढून खाऊन टाका.

---

बागवेडी_पर्वरी | 14 डिसेंबर

मोठेच होते. आवरला नाही हात.

---

अनामिक_आंगण | 3 जानेवारी

पुढच्या वर्षीसाठी बी आत्ताच पेरायचं ना? वायंगणी काका, तुमच्याकडे भीमा सुपरचं उरलेलं बी असेल तर थोडं मिळेल का? माझा नंबर...

---

वायंगणी (डिचोली) | 3 जानेवारी

नंबर इथे नको, काढून टाका आणि व्यनि (खासगी निरोप) करा. बी आहे, पण मागच्या वर्षीचं. आधी ओल्या फडक्यात पन्नास दाणे घालून बघतो. तीसच्या वर उगवले तर देतो, नाहीतर नवं पाकीट घ्या. पेरणी जानेवारीअखेर केली तरी चालेल, तोवर वाफा तयार करून ठेवा.